सात इंची ड्रोनवर २१७०० सेलचा पॅक: माळावरचे चार महिने

पाझर तलावाच्या सांडव्यापासून खाली ओढा वळतो तिथपर्यंत जायचं, परत यायचं, आणि हे सगळं एका दमात टिपायचं. मध्ये बॅटरी बदलायला खाली उतरायचं नाही. माझी गरज एवढीच होती. लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर तेरा मिनिटांत चष्म्यात (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा तो) इशारा यायला लागायचा आणि ओढ्याचा अर्धा भाग राहून जायचा. आता त्याच ड्रोनवर, त्याच मोटारींवर आणि त्याच पंख्यांवर चोवीस मिनिटं मिळतात. बदलल्या तीनच गोष्टी: बॅटरी, रिसीव्हरच्या अँटेनाची जागा आणि रेडिओतली एक सेटिंग. बॅटरी म्हणजे मॉलिसेल कंपनीच्या पी-४२-ए या २१७०० आकाराच्या (२१ मिलिमीटर जाड, ७० लांब) सहा लिथियम-आयन सेलचा पॅक. चार महिने आणि साठेक उड्डाणं झाली, म्हणून आता लिहितो.

माझं माण तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर सबमर्सिबलच्या जळालेल्या वाइंडिंग उपसायच्या आणि नवीन तार भरायची, हा धंदा. ड्रोनचा नाद लागून सहा वर्षं झाली. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. त्यामुळे माझ्यासारख्याला सुटे भाग आणून घरी बांधण्यावाचून दुसरा रस्ता उरला नाही. ते बरंच झालं. स्वतः बांधलेल्या यंत्राला काय दुखतंय ते लवकर कळतं. माझा ड्रोन सात इंची पंख्यांचा आहे, मोटारी २८०६.५ मापाच्या, १३०० केव्ही, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १३०० फेरे. बॅटरी सोडून वजन ६४० ग्रॅम.

आधी हिशेब सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. माझी जुनी लिपो सहा सेलची, २२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). वजन ३६० ग्रॅम आणि पोटात साधारण ४९ वॉट-तास. नवा पॅक सहा सेलचाच, पण ४२०० एमएएचचा. वजन ४५५ ग्रॅम आणि पोटात ९० वॉट-तास. म्हणजे ९५ ग्रॅम जास्त वाहायचे आणि शिदोरी जवळपास दुप्पट. वजन वाढलं की ड्रोनला हवेत राहायलाच जास्त वीज लागते, म्हणून वेळ अगदी दुप्पट होत नाही. तरी तेराची चोवीस मिनिटं झाली. सेकंदाला बारा मीटरच्या संथ चालीने गेलो तर एका चार्जवर सतरा किलोमीटरचा पल्ला पडतो, आणि तोही सगळा टेकाडावरून डोळ्यांना दिसेल अशा घिरट्यांमध्ये.

आता या पॅकआधीच्या पॅकबद्दल. तो मी ऑनलाइन मागवला होता. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. वेष्टनावर हाच सेल छापलेला होता आणि किंमत बाजारापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. तिसऱ्याच उड्डाणात तलावाच्या भिंतीवरून वर उचलताना जरा थ्रॉटल दिला, आणि व्होल्टेज एकदम एकवीसवरून सोळावर कोसळलं. ड्रोन वर जायचा थांबला आणि बसायला लागला. भाचा ओरडला, "मामा, तो खाली येतोय, बाजरीत चाललाय!" मी थ्रॉटल निम्म्यावर आणून कसाबसा बांधापर्यंत ओढला आणि गवतावर टेकवला. दोन पंखे गेले, बाजरीचं काही नुकसान झालं नाही. शेतमालक आजोबा बांधावर येऊन बसले आणि म्हणाले, "पाखरू दमलं व्हय रं?" मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. ते यंत्र कुणाच्या डोक्यावर पडलं असतं तर काय, हा विचार दोन दिवस डोक्यातून जाईना.

घरी येऊन पॅक फोडला. सेल सुटे करून आमच्या गल्लीतल्या सराफाकडे घेऊन गेलो, कारण माझ्या दुकानातला काटा तांब्याची तार तोलायचा, त्यावर ग्रॅमचा भरवसा नाही. सराफाने एकेक सेल तबकात ठेवला: ६१ ग्रॅम, ६२, ६१. खऱ्या पी-४२-एचं वजन सत्तरच्या आसपास असतं. वेष्टन ब्लेडने चिरलं तर आत दुसरं जुनं वेष्टन काढल्याच्या डिंकाच्या रेषा. कुठल्या तरी जुन्या पॅकमधले सेल नवे कपडे घालून आले होते. सेल जोडणारी पट्टी ग्राइंडरवर धरली तर ठिणग्या उडाल्या. शुद्ध निकेलची पट्टी घासताना ठिणगी देत नाही. ही निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी होती. लोखंडाचा विरोध निकेलपेक्षा जास्त, म्हणून करंट वाढला की पट्टीच गरम होणार आणि व्होल्टेज वाटेतच खाणार.

दुसऱ्या वेळी सेल वेगळे घेतले, खात्रीच्या माणसाकडून आणि पक्क्या बिलावर. सहाही सेल सराफाच्या काट्यावर ६८ ते ६९ ग्रॅमच्या मध्ये भरले. बांधायला पुण्याला ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका कारागिराकडे दिले. सेलला थेट सोल्डरिंग करू नये, उष्णतेने आतलं बिघडतं. स्पॉट वेल्डिंगच पाहिजे. त्या माणसाचं काम बघत उभा राहिलो आणि मन भरलं. दर टोकाला सहा टिपके, एका रेषेत, एकाच खोलीचे. एक पट्टी वेल्ड करून झाली की तो पक्कडीने ओढून बघायचा. पट्टी फाटली पाहिजे पण टिपका सुटता कामा नये, असं त्याचं म्हणणं, आणि एकदा तसं फाडून दाखवलंच. ०.१५ मिलिमीटरची, आठ मिलिमीटर रुंद शुद्ध निकेल पट्टी त्याने माझ्या सांगण्यावरून तीन थरांत लावली, कारण उचलताना तीस अँपिअर लागतात. धन टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती हवी, कारण तिथं सेलचं बाहेरचं कवच आणि धन टोक यांच्यात जेमतेम मिलिमीटरचं अंतर असतं. त्याच्याकडच्या चकत्या पातळ वाटल्या, म्हणून मी दुकानातला लेदरॉइड कागद नेला होता, जो आम्ही मोटारीच्या खाचेत घालतो, तो कापून बसवला. सेल, बांधणी, वायर, एक्सटी-६० कनेक्टर सगळं धरून साडेचार हजार लागले. माझी लिपोही त्याच भावाला आली होती.

सेल चांगला आहे हे पहिल्याच उड्डाणात कळलं. कंपनीच्या कागदावर ४५ अँपिअर लिहिलंय. मी तिथपर्यंत कधी जात नाही आणि जाऊ नये असंच सांगेन. तीस अँपिअर ओढले की सहा सेलवर मिळून अडीच-तीन व्होल्ट खाली येतात, थ्रॉटल सोडला की परत वर. हा या प्रकारच्या सेलचा स्वभाव आहे. म्हणून मी बीटाफ्लाइटमध्ये, म्हणजे ड्रोनच्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, थ्रॉटलला सत्तर टक्क्यांवर लगाम घातलाय. कोलांट्या मारणाऱ्यांनी, रेस खेळणाऱ्यांनी हा पॅक घेऊ नये. त्यांना लिपोच पाहिजे. बैलगाडा शर्यतीच्या खोंडाला औताला जुंपत नाहीत, तसंच उलटंही करत नाहीत.

लिपोवरून इकडे येणाऱ्याने एक सवय मोडायला लागते. लिपोवर सेलमागे साडेतीन व्होल्ट दिसले की उतरायचं, हे हाडात भिनलेलं असतं. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला भाचा म्हणाला, "मामा, तीन पॉइंट पाच आलं, उतरवा." मी उतरवला. चार्जरला लावला तर २००० एमएएच भरले, म्हणजे पॅक अर्धा भरलेलाच होता. हा सेल कागदावर अडीच व्होल्टपर्यंत उतरतो, साडेतीनला त्याच्यात निम्मी वीज बाकी असते. मी इशारा तीन व्होल्टवर ठेवलाय आणि त्याच्या खाली जाऊ देत नाही.

पण व्होल्टेजवर नुसतं विसंबून भागत नाही. थ्रॉटलप्रमाणे ते वरखाली होतं. म्हणून खर्च झालेले एमएएच मोजायचे. ड्रोनच्या बोर्डवर करंट मोजणारा सेन्सर असतो, तो सुरुवातीला खोटं बोलतो. माझा २१०० खर्च झाले म्हणायचा आणि चार्जर २४६० भरायचा. उडवायचं, चार्जरचा आकडा वहीत लिहायचा, सेटिंग जरा हलवायची, परत उडवायचं, असं तीनदा केल्यावर दोन्ही आकड्यांत पन्नासचा फरक राहिला. हे केल्याशिवाय लांबच्या उड्डाणाला निघू नका, एवढं कळकळीने सांगतो. तीन हजार झाले की माझं तोंड घराकडे वळतं. वारा असेल तर त्याही आधी. आमच्याकडे आषाढात माळावर वारा सुटतो तेव्हा बारा मीटरच्या चालीचा ड्रोन सहा मीटरच्या वाऱ्याबरोबर जाताना अठराने पळतो आणि येताना सहानेच सरकतो. जायला एक मिनिट, यायला तीन. म्हणून मी आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो, म्हणजे दमलेली बॅटरी वाऱ्याच्या पाठीवर घरी येते.

आता रेडिओ. पल्ला वाढवायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो पॉवर वाढवायचा. १०० मिलिवॉटचा ट्रान्समीटर काढा, एक वॉटचा घ्या. मला हा सल्ला पटत नाही, कारण अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते. दहापट पॉवर केली तरी पल्ला तिपटीच्या जरा पुढे जातो, आणि मॉड्युल तापतं, रिमोटची बॅटरी संपते ते वेगळंच. रिमोट आणि ड्रोन यांच्यातल्या दुव्यासाठी माझ्याकडे एक्स्प्रेस-एलआरएस आहे, २.४ गिगाहर्ट्झवरचा. ही खुली प्रणाली आहे, कुणाही कंपनीच्या मक्त्यातली नाही, आणि ज्यांनी ती लिहून सगळ्यांना फुकट दिली त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. यात सेकंदाला किती वेळा संदेश पाठवायचा ते आपण ठरवतो. पाचशे वेळा ठेवलं तर रिसीव्हर उणे १०५ डीबीएमपर्यंतचा क्षीण आवाज ऐकतो (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा जितका उणे तितका सिग्नल क्षीण). पन्नासवर आणलं तर उणे ११५ पर्यंत. हा दहा डेसिबलचा फरक म्हणजेच दहापट पॉवर. ट्रान्समीटर एक वॉटचा घेऊन जे मिळणार ते एका सेटिंगमध्ये, पैसा न खर्चता मिळतं. पाचशेची गरज रेस खेळणाऱ्याला. संथ घिरट्या घालणाऱ्याला दीडशे पुष्कळ झाले. मी दीडशेवर ठेवलंय, तिथं उणे ११२ मिळतात आणि काठी हलवल्यावर ड्रोन उशिरा वळतो असं कधी जाणवलं नाही.

अँटेनाची जागा मात्र मी कितीतरी दिवस चुकवत होतो. रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या हातावर झिपटायने आडवी बांधलेली होती. कार्बन फायबर वीज वाहतं, म्हणजे रेडिओच्या लहरींसाठी ते पत्र्यासारखंच. ड्रोनने माझ्याकडे पाठ केली की लिंक क्वालिटी, म्हणजे शंभरातले किती संदेश पोचले तो आकडा, ९९ वरून साठीला यायची, विशेषतः तलावाच्या भिंतीआड खाली ओढ्यात गेल्यावर. मातीची भिंत मध्ये आली की २.४ गिगाहर्ट्झ तिच्यातून पार होत नाही, कडेकडेने वळून जेवढं येईल तेवढंच. मग सलाइनच्या नळीचा तुकडा घेतला, ड्रोनच्या शेपटीला उभा बांधला आणि अँटेना त्यात सरळ उभी सरकवली. टोकाची उघडी तार ३१ मिलिमीटरची असते. तेवढीच खरी अँटेना, बाकी नुसती वायर. ते टोक कार्बनपासून चार बोटं वर आणलं. त्याच टेकाडावरून, त्याच ठिकाणी ड्रोन धरून बघितलं तर नऊ डेसिबल जास्त. नळी दुकानात पडलेलीच होती, तिचा खर्च शून्य. आता ओढ्याच्या तळात, भिंतीआड लिंक नव्वदच्या खाली येत नाही. रिमोटची अँटेनाही ड्रोनकडे भाल्यासारखी रोखायची नसते, टोकाच्या दिशेने तिचा आवाज सगळ्यात कमी जातो. उभी, कूस ड्रोनकडे करून धरायची.

चित्र ५.८ गिगाहर्ट्झवर येतं आणि रेडिओच्या आधी तेच हात टेकतं. माझ्याकडे जुनी अॅनालॉग यंत्रणा आहे. तिचं मला आवडतं ते हे, की चित्र एकदम गोठत नाही. आधी पडद्यावर मुंग्या येतात, मग पट्टे, आणि तेवढ्यात माणूस वर उचलून मागे फिरतो.

आणि घरी परत आणणारी जीपीएस रेस्क्यू. उपग्रह आठच्या वर आणि घराची खूण पडली असं चष्म्यात दिसेपर्यंत मी जमीन सोडत नाही. सकाळी त्याला मिनिटभर लागतं, कधी दोन. फेलसेफला, म्हणजे रेडिओचा दुवा तुटला की ड्रोनने आपणहून काय करायचं त्याला, रेस्क्यू जोडलीय, आणि ती बटणावर देऊन, ड्रोन शंभर मीटरवर नजरेसमोर असताना, महिन्यातून एकदा तपासतो. न तपासलेली रेस्क्यू म्हणजे न उघडलेली छत्री, ऐन पावसात तिच्या काड्या मोडक्या निघतात.

नियमांबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो. २०२१ च्या ड्रोन नियमांत विरंगुळ्यासाठीचं मॉडेल पंचवीस किलोंच्या आत आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असं धरलेलं आहे. दोन किलोंच्या आतल्या ड्रोनला, धंदा करत नसाल तर, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी असेल तर चारशे फुटांपर्यंत. आमचा माळ हिरव्यात आहे. माझ्या डोळ्यांवर चष्मा असतो, म्हणून भाचा शेजारी उभा राहून ड्रोनवर नजर ठेवतो, आणि तो नसेल त्या दिवशी मी उडवत नाही. वाढवलेला पल्ला मी क्षितिजापार जायला वापरत नाही. तो मला भिंतीआडही न तुटणारा दुवा आणि परत यायला उरलेली बॅटरी देतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

चार्जिंगला या पॅकला सबुरी लागते. दोन अँपिअरवर लावतो, दोन तास जातात. चार्जरवर लिथियम-आयन हा पर्याय निवडायचा, सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. ठेवायचा असेल तर ३.७ वर. साठ उड्डाणांनंतर त्याच खुणेपर्यंत उतरवून भरला तर आधी ३८०० जायचे, आता ३७४० जातात. सहाही सेल एकमेकांपासून व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्यात आहेत, म्हणजे पुण्याच्या कारागिराचे टिपके टिकलेत. तक्रार म्हणाल तर दोन आहेत. पॅक जाडजूड असल्यामुळे एका पट्ट्याने हलतो, दोन लागतात, आणि जरा मागेपुढे बसला तर मागच्या मोटारी जास्त तापतात. आणि हिवाळ्यात सकाळी सातला, बोटं आखडलेली असताना, हा सेलही आखडलेला असतो. पहिलं मिनिट व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त दबतं. तेव्हा मी तो घरातून निघताना जॅकेटच्या आतल्या खिशात घालतो.

मागच्या आठवड्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर तलाव सांडला. सांडव्यावरून निघालो, पाणी जिथं समतल चरांमधून वाहत ओढ्याला मिळतं तिथं थांबून दोन घिरट्या घातल्या, वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. उतरलो तेव्हा चष्म्यात खर्चाचे २९८० एमएएच होते. बाजरीवाले आजोबा शेजारी येऊन उभे होते. त्यांना चित्रण मोबाईलवर लावून दिलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि स्वतःच्या विहिरीवर बोट ठेवून म्हणाले, "हिच्यापतूर पाणी आलंय की."